इंजिनावर चाळलेलं पीठ

मी आमच्या गाडीच्या इंजिनावर मोदकाचं पीठ चाळलं. चांगल्या बारीक चाळणीने, हलक्या हाताने, कुठे गुठळी राहू नये अशा बेताने. आणि मग इंजिन चालू केलं.

यात तिखटमीठ काही लावलेलं नाही. बायकोला विचारा, आईला विचारा. आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींना मात्र विचारू नका, कारण ते न विचारताच सांगतात. त्यांची काळी स्कूटर शेजारीच उभी होती.

आता हे कसं झालं ते मीच नीट सांगून टाकतो. घाटकोपरमध्ये या गोष्टीच्या दोन-चार आवृत्त्या फिरताहेत आणि प्रत्येकीत मी होतो त्याहून जास्त मूर्ख आहे. एवढी गरज नाही. होतो तेवढा पुरेसा आहे.

आमचं गाव तळकोकणात. गावच्या घरी गणपती एकच आणि भाऊबंदांची घरं चार, त्यामुळे गणपती पाळीने येतो. ज्याची पाळी त्याने मूर्ती सांगायची, गणपतीच्या डोक्यावर फळाफुलांची माटवी बांधायची, रात्री भजनाला येणाऱ्यांना उसळ-पाव द्यायचा आणि अर्थातच मोदक करायचे. मागच्या पाळीला आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन होतं. ती इथे पलंगावर आणि तिकडे मोदक माझ्या चुलतकाकीने केले. ते उकडताना फुटले. ही बातमी आईला फोनवरून कळली, आणि तेव्हापासून आमच्या घरात "मोदक" हा शब्द उच्चारला की आई एक सुस्कारा सोडते. गुडघा बरा झाला, पण त्या फुटलेल्या मोदकांचं दुखणं काही गेलं नाही. यंदा परत आमची पाळी. पुढची आणखी चार वर्षांनी. आई अठ्ठ्याहत्तरची. हा हिशेब घरात कोणी मोठ्याने केला नाही, पण येत होता सगळ्यांनाच.

म्हणून बायकोने गणपतीच्या गाडीची तिकिटं काढली होती. गणपतीची तिकिटं काढणं म्हणजे काय ते कोकणातल्या माणसाला सांगायला नको, आणि बाहेरच्याला सांगून पटणार नाही. बँकेतल्या तिच्या तीन मैत्रिणी त्या सकाळी आपापली कामं सोडून मोबाईलवर बोटं रोखून बसल्या होत्या. कन्फर्म तिकिटं मिळाली तेव्हा चौघींनी मिळून पेढे खाल्ले.

ती तिकिटं मी रद्द केली.

कारण मध्यंतरी मी गाडी घेतली होती. सेकंडहँड, सात सीटांची, डिझेल. सुरू केली की सोसायटीत कोणीतरी बोअरवेल मारतंय असं वाटायचं. पण मला तिच्या त्या घरघरीत ताकद ऐकू यायची. म्हटलं, दारात एवढं धूड असताना आईला फलाटावरून चालवायचं? आरामात जाऊ, वाटेत थांबत, खात-पीत जाऊ. बायको म्हणाली, "तिकिटं राहू दे की. असली तर काय चावतात?" मी म्हटलं, "तुझा माझ्यावर विश्वास नाही." ती म्हणाली, "नाही." मग काय, मला तिकिटं रद्द करून दाखवणं भागच होतं.

माझे वडील गिरणीत होते. आयुष्यभर साच्यांवर, म्हणजे कापडाच्या मागांवर, उभे राहिले. त्यामुळे यंत्र आपल्या रक्तातच आहे असा माझा एक जुना समज आहे. पहिल्याच रविवारी मी व्हिडिओ बघून गाडीचं ऑइल आणि ऑइलचा फिल्टर स्वतः बदलला. फिल्टर म्हणजे एक डब्यासारखी गोल वस्तू. जुना फिरवून काढायचा, नवा फिरवून लावायचा. बरणीचं झाकण लावता येणाऱ्या कोणालाही जमेल. मी ते केलं आणि काळ्या हातांचा फोटो भावकीच्या ग्रुपवर टाकला. चुलतभावाने खाली विचारलं, "गटार साफ केलंस काय?" आई म्हणाली, "तुझो बापूस साचो चालवी. बिघाडलो तर खोलूक फिटर येय." तेव्हा मी दोघांकडेही दुर्लक्ष केलं.

आठवडाभराने सोसायटीच्या ग्रुपवर एक फोटो आला. पार्किंगमध्ये नव्याने बसवलेल्या पेव्हर ब्लॉकवर एक काळा, गोल, चकचकीत डाग. डाग केवढा आहे ते कळावं म्हणून सेक्रेटरींनी त्याच्या शेजारी आपलं बॉलपेन ठेवलं होतं, खून झालेल्या जागी ठेवतात तसं. खाली मजकूर: "संबंधित सभासदाने कृपया नोंद घ्यावी." जागेचा नंबर फोटोत स्पष्ट दिसत होता, तरी "संबंधित".

मी खाली धावलो. गाडीखाली टॉर्च मारला. खालून सगळं तेलाने माखलेलं. ऑइलची पट्टी काढून पाहिली तर पातळी चांगलीच उतरलेली. हे साधं गळणं नव्हतं. अशी गाडी घेऊन निघालो तर घाटात कुठेतरी इंजिनातलं तेल संपणार, इंजिन जाम होणार आणि आई, उकडीचं सामान आणि मी रस्त्याच्या कडेला. गणपती पुढच्या आठवड्यात. तिकिटं नाहीत. भाड्याच्या गाड्या कोकणवाल्यांनी केव्हाच धरून ठेवलेल्या. आणि एसटीच्या पायऱ्या आईच्या गुडघ्याला झेपणार नाहीत हे डॉक्टरांनी सांगायची गरज नव्हती.

तर गाडी घेऊन साकीनाक्याला गेलो. तिथे ओळखीचा मेकॅनिक. त्याच्या गॅरेजसमोर कोकणात जाणाऱ्या गाड्यांची अशी रांग, की प्रसादाची आहे असं वाटावं. त्याने वाकून पाहिलं, इंजिन चालू ठेवून पाहिलं, हात फिरवून पाहिला.

"कुठे लीक होतंय, साहेब? हे सगळं जुनं तेल आहे. नवा थेंब एक नाही."

"अरे, सकाळी तळं होतं खाली."

"आता तर नाही ना?"

आता नव्हतं, हे खरंच होतं. डॉक्टरकडे गेल्यावर दाढ दुखायची थांबते, तसं. शेवटी इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्या सांध्याजवळ जास्त तेल दिसतंय म्हणून तो म्हणाला, "क्रँकचं सील असेल. गिअरबॉक्स खाली उतरवावा लागेल. गणपतीनंतर या."

"गणपतीलाच जायचंय रे."

त्याने मागच्या रांगेकडे बोट केलं. "सगळ्यांनाच जायचंय."

परत येताना त्या गर्दीत मी बराच वेळ उभा होतो, आणि उभं राहिलं की माणूस विचार करतो. दुसरं करणार काय? सकाळी गळतं आणि साकीनाक्याला पोचेपर्यंत थांबतं. याचा अर्थ काय? घरी आल्यावर मी जगातल्या यच्चयावत मेकॅनिकांचे व्हिडिओ पाहिले आणि एक गोष्ट उलगडली. थंड इंजिनात तेल घट्ट असतं. घट्ट तेल ढकलायचं म्हणजे जोर लागतो, म्हणून सुरुवातीला आत प्रेशर जास्त असतं. इंजिन तापलं की तेल पातळ होतं आणि प्रेशर उतरतं. म्हणजे आमची गळती प्रेशरची होती. तेल कुठूनतरी झिरपत नव्हतं, जोराने बाहेर ढकललं जात होतं, आणि तेही फक्त सकाळी, थंड असताना. साकीनाक्याला ती दिसणं शक्यच नव्हतं. हा आजार घरीच पकडायला हवा होता. मला इतका आनंद झाला की मी बायकोला उठवून सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे तूच करणार?" आणि डोक्यावरून पांघरूण घेतलं.

पहिला उपाय पुठ्ठ्याचा. फ्रिजचा पुठ्ठा गाडीखाली अंथरला, सकाळी इंजिन चालू करून थोडी रेस दिली आणि थेंब कुठे पडतात ते पाहिलं. मधोमध पडले. पण नंतर कळलं की जिथे थेंब पडतो तिथे गळती असतेच असं नाही. वरून उडालेलं तेल पत्र्यावरून, पाइपावरून फिरत फिरत येतं आणि सोयीच्या ठिकाणी टपकतं.

दुसरा उपाय पावडरीचा. एका परदेशी गृहस्थाने व्हिडिओत फार सुंदर दाखवलं होतं. इंजिन धुऊन पुसून कोरडं करायचं, त्यावर पायाला लावायची पांढरी पावडर भुरभुरायची आणि इंजिन चालू करायचं. जिथून तेल निघेल तिथली पावडर पहिल्यांदा काळी पडते. सोपं, स्वस्त, घरगुती. आमच्या घरात पावडरचा एकच डबा आणि तो बायकोचा.

"हात लावायचा नाही," ती म्हणाली.

"थोडीशी."

"इंजिनाला लावायला? तुला घाम आला तरी मी देत नाही."

ती बँकेत गेली. आई शेजारणीकडे बसली होती. मी स्वयंपाकघरात गेलो आणि घरातली सगळ्यात पांढरी, सगळ्यात बारीक आणि सगळ्यात कोरडी वस्तू कोणती याचा शास्त्रीय विचार केला. ती वस्तू फडताळात वरच्या फळीवर, स्टीलच्या डब्यात होती.

त्या पिठाबद्दल दोन शब्द सांगायला हवेत. आईने चांगला वासाचा तांदूळ आणला होता. तीनदा धुतला, पंख्याखाली धोतरावर पसरून सावलीत वाळवला. मग बायकोला घेऊन स्वतः गिरणीत गेली, आधीच्या गिऱ्हाइकाचे तांदूळच होते, गहू नव्हते, याची खात्री करून घेतली आणि मगच दळायला दिले. गावाला असं पीठ मिळत नाही असं तिचं मत होतं. मागच्या पाळीचे मोदक फुटले ते पिठामुळे, असंही तिचं मत होतं, पण ते ती काकीसमोर बोलून दाखवत नसे. थोडक्यात, त्या डब्यात यंदाचे मोदक होते, फक्त अजून झालेले नव्हते.

मला हे सगळं माहीत होतं. पण मला वाटलं, वरवरचं मूठभर घेऊ. मूठभर घेतलं, ते अर्ध्या इंजिनालाही पुरलं नाही. आणखी मूठभर घेतलं. मग डबाच खाली घेऊन गेलो, सोबत चाळणी.

आधी इंजिन अगदी लखलखीत पुसून काढलं होतं. त्यावर मी पीठ चाळलं. पाइप, झाकणं, नटबोल्ट, सगळं पांढरंशुभ्र. दोन पावलं मागे जाऊन पाहिलं, सुरेख दिसत होतं. व्हिडिओतल्या गृहस्थांपेक्षा माझं काम जास्त नेटकं होतं. मग आत बसलो आणि चावी फिरवली.

इंजिनाला पुढे एक मोठा पंखा असतो हे मला माहीत होतं. पण माहीत असणं वेगळं आणि आठवणं वेगळं.

बोनेटखालून एक पांढरा ढग उठला. तो पार्किंगच्या छताला टेकला, तिथे क्षणभर विचार केला आणि शेजारच्या स्कूटरवर उतरला. जे पीठ उडालं नाही ते तापलेल्या नळीवर चिकटून भाजायला लागलं, आणि थोड्याच वेळात तळमजल्यावर घावन करपल्याचा खमंग वास सुटला. पहिल्या मजल्यावरची एक खिडकी उघडली. मग दुसरी. लिफ्टमधून सेक्रेटरी बाहेर आले. त्यांनी आधी वास घेतला, मग स्कूटरकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी भुवयांपर्यंत पांढरा झालो होतो.

"अहो, पार्किंगमध्ये स्वयंपाक करायला परवानगी नाही," ते म्हणाले.

"स्वयंपाक नाही हो. टेस्ट आहे."

"कसली?"

"प्रेशरची."

"कुणाच्या?"

तेवढ्यात त्यांच्या मागून आई आली. शेजारणीच्या घरापर्यंत वास पोचला होता, आणि तांदळाच्या पिठाचा वास आईला ओळखता येत नाही असं होणार नाही. तिने गाडीकडे पाहिलंही नाही. माझ्या हातातल्या डब्याकडे पाहिलं. डब्यात तळाला दोन बोटं पीठ उरलं होतं.

मला वाटलं ती ओरडेल. ती अगदी हळू आवाजात म्हणाली, "गणपतीच्या आधी इंजिनाक निवेद दाखवलंस?"

सेक्रेटरी हसले आणि लगेच स्कूटर पुसायला लागले.

आता खरी गंमत सांगतो. एवढं करूनही ती परीक्षा फसली नव्हती. पंख्याच्या वाऱ्यापासून आडोशाला असलेलं पीठ जागेवर राहिलं होतं, आणि त्यात एका ठिकाणी तेल मिसळून काळपट कणिक झाली होती. ती जागा म्हणजे ऑइल फिल्टरची कड. स्वच्छ, सरळ, बोट दाखवून सांगितल्यासारखी. मी ती पाहिली, नीट पाहिली, आणि मनात म्हटलं, इथे असणं शक्य नाही. फिल्टर तर मी स्वतः लावलाय. म्हणजे तेल वरून कुठूनतरी येऊन इथे साचलं असणार. वर टर्बोकडे जाणारा एक बारीक पाइप होता. त्याचा बोल्ट मी जीव खाऊन आवळला. तो आधीही घट्टच होता. आता तो असा बसलाय की पुढेमागे कोणाला उघडावा लागला तर माझा उद्धार केल्याशिवाय उघडणार नाही.

दुसऱ्या सकाळी पुठ्ठा परत ओला.

त्या दिवशी ऑफिसातून आलो तर स्वयंपाकघराच्या दारात आई एका हाताने चौकट धरून उभी. समोर स्टूल. ती एक पाय स्टुलावर ठेवायचा प्रयत्न करत होती. पाय अर्ध्यावर जायचा आणि खाली यायचा. मला पाहून तिने झटकन पाय खाली घेतला आणि स्टूल पुसायला लागली.

"काय करत होतीस?"

"खंय काय? पुसतंय."

नंतर बायकोने सांगितलं. आईने गावी पुतण्याला फोन करून एसटीची पायरी केवढी उंच असते ते विचारलं होतं. तो म्हणाला होता, साधारण स्टुलाएवढी.

एरवी मला जेवताना बोलायला फार आवडतं. त्या रात्री मी गप्प जेवलो. आईने वाढताना विचारलं, "मीठ कमी पडला काय?" मी म्हटलं, "नाही." कमी होतं.

सकाळी मी सेक्रेटरींची परवानगी काढली, स्कूटर लांब नेऊन ठेवली आणि बायकोला ड्रायव्हरच्या जागेवर बसवलं. तिला बँकेत जायची घाई, अंगावर गाऊन आणि ओढणी, हातात चहाचा कप. योजना अशी की तिने इंजिन चालू करून रेस द्यायची आणि मी बोनेटमध्ये डोकं घालून, टॉर्च मारून, तेल कुठून उडतं ते डोळ्यांनी पाहायचं. पीठ नाही, पावडर नाही. नुसते डोळे.

"रेस दे!" मी ओरडलो.

"किती?"

"थोडी!"

"थोडी म्हणजे?"

"अगं, थोडी म्हणजे थोडी! भाजीत मीठ टाकतेस तेवढी!"

"भाजीत मीठ आई टाकतात!"

"अजून थोडी दे. अजून. बास!"

इंजिनाच्या आवाजात तिला "बास" ऐकू गेलं नाही, आणि मी "बास" म्हणत असल्यामुळे माझं तोंड उघडं होतं. फिल्टरच्या कडेतून तेलाचा एक पातळ, चपटा फवारा निघाला आणि थेट पत्त्यावर पोचला.

डिझेल इंजिनाच्या ऑइलला चव असते. सांगायचीच झाली तर जळक्या खोबरेल तेलात लोखंडी खिळा उकळल्यासारखी. पण त्या क्षणी मला चवीचं काही वाटलं नाही. मी थुंकत होतो, डोळे चोळत होतो आणि ओरडत होतो, "सापडला! सापडला!" दुसऱ्या मजल्यावरून कोणीतरी विचारलं, "कोण सापडला? चोर?"

बायको खाली उतरली. माझं तोंड पाहून तिने आधी कप सुरक्षित जागी ठेवला, मग मनसोक्त हसून घेतलं, मग ओढणीला हात न लावता गाडी पुसायचं फडकं माझ्याकडे फेकलं.

"फिल्टरच खराब निघाला," मी जाहीर केलं. "हल्ली काही क्वालिटी राहिली नाही."

बायकोने बँकेत उशिरा येते म्हणून कळवलं आणि आम्ही इंजिन थंड होऊ दिलं. खाली प्लास्टिकचा टब ठेवला. फिल्टरला माझा जुना कमरेचा पट्टा गुंडाळून तो फिरवून काढला. त्याच्या तोंडाला काळी रबराची रिंग होती, जशी असायला हवी तशी, नवीकोरी. ती कुठे फाटलीय का ते मी उजेडात धरून बघत होतो. बायको मात्र इंजिनाकडे बघत होती, जिथे फिल्टर बसतो तिथे.

"अरे, ही कुठली?"

इंजिनाच्या त्या गुळगुळीत चकतीवर आणखी एक रिंग चिकटलेली होती. चपटी, कडक, रंगाने लोखंडाशी इतकी एकजीव झालेली की नखाने उचकटल्यावरच ती वेगळी आहे हे कळलं. ती जुन्या फिल्टरची रिंग होती. मी जुना फिल्टर काढला तेव्हा ती इंजिनाला चिकटून मागेच राहिली, आणि मी नवा फिल्टर तिच्या डोक्यावर आवळला. रबरावर रबर. प्रेशर कमी असेल तेव्हा ते कसंबसं धरून राहायचं. सकाळी थंड, घट्ट तेलाचा जोर आला की दोघींच्या मधून तेल बाहेर.

"एकावर एक दोन रिंगा?" बायको म्हणाली.

"तसं बघितलं तर डबल सेफ्टी."

"कुकरला लावतं का कोणी दोन रिंगा?"

दोन गोष्टी डोक्यात घोळत होत्या. एक, मेकॅनिकने गिअरबॉक्स उतरवायचा म्हटलं होतं. दुसरी, इलाज माझ्या नखात होता, आणि आजारही माझ्याच हातचा होता.

पुढचं काम सोपं होतं. जुनी रिंग काढली, जागा पुसली, नव्या रिंगेला बोटाने तेल लावलं, फिल्टर हाताने आवळला, इंजिनात तेल भरलं. या वेळी बायको शेजारी उभी राहून सगळं बघत होती आणि प्रत्येक पायरीला "आता नक्की एकच आहे ना?" असं विचारत होती. कोरडा पुठ्ठा अंथरला आणि इंजिन चालू केलं. रेस दिली, थोडी, मग भरपूर. पुठ्ठ्यावर काही नाही. दुसऱ्या सकाळी परत थंड इंजिन, परत रेस. काही नाही. सेक्रेटरी ऑफिसला निघाले होते, ते थांबले. उकिडवे बसून त्यांनी पुठ्ठ्यावर बोट फिरवलं, बोट नाकाला लावलं आणि म्हणाले, "कोरडा आहे." हे त्यांनी माझं कौतुक केलं असं मी अजून मानतो.

मी वर गेलो. आई पोळ्या लाटत होती. मी जरा घसा साफ केला.

"आई, फॉल्ट सापडला. जरा गुंतागुंतीचा होता. प्रेशरची भानगड होती."

आतून बायकोचा आवाज आला. "जुनी रिंग काढायला विसरला होता तुमचा मुलगा."

आईने लाटणं थांबवलं. "म्हणजे याच्याच हातचा?"

"हो."

"आनी मेकानिक काय सांगी होतो?"

"गिअरबॉक्स उतरवायला हवा म्हणाला होता," मी म्हटलं. मला वाटलं, निदान या बाबतीत तरी मी मेकॅनिकपेक्षा सरस ठरलो हे तिच्या लक्षात येईल.

आई परत लाटायला लागली. पोळी तव्यावर टाकून म्हणाली, "जा, तांदूळ घेवन ये. चांगले बघून आण. आनी गिरणीत मी येतलंय." यातलं "येतलंय" ती जरा मोठ्याने म्हणाली. ते स्टूल मी उचलून परत बाल्कनीत ठेवलं.

तांदूळ धुतले, वाळले, दळून आले. या वेळी पिठाचा डबा आईच्या उशाशी राहिला, आणि मी त्या खोलीत गेलो की तिचा हात झाकणावर जायचा.

निघायच्या पहाटे सगळं सामान चढवलं. नारळ, माटवीला लागणारी फळं, समया, बायकोची बॅग, आईच्या दोन पिशव्या. पुढच्या सीटवर आईला बसवायला मी तिच्या काखेत हात घातला. तिने गाडीच्या दाराची चौकट धरली, एकदा माझ्या खांद्यावर जोर दिला आणि वर चढून बसली. बसल्यावर तिने पदर नीट केला आणि पिठाचा डबा मांडीवर घेतला. तिचा चेहरा मी कितीतरी दिवसांनी असा पाहिला. ती मनाने तिकडे पोचलीही होती. चूल पेटवून, पाण्याला उकळी येण्याची वाट बघत, काकीकडे न बघता.

बायको मागे बसली. मी चावी लावली आणि मग मला राहवेना. म्हटलं, एकदा शेवटचं बघून घेऊ. टॉर्च घेऊन खाली उतरलो. गाडीखाली पाहिलं. कोरडं. बोनेट उघडलं, फिल्टरच्या कडेवरून बोट फिरवलं. कोरडी. हाताशी आलंच आहे तर अजून एक पाव पिळा आवळून ठेवावा म्हणून मी बाही वर सरकवली.

खिडकीची काच खाली आली.

"झिला," आई म्हणाली, "ता बोनेट बंद कर. माका वेळेर घराक पोचाक व्हया. आनी वाटेत काय बिघाडला तर कोणाक तरी बोलव, तू खाली उतरू नको."